सडा, खाडी आणि लाल माती: कोकणात ग्रॅव्हल बाईक चालवू इच्छिणाऱ्या नवोदितांसाठी

कोकणात सायकलने दिवसभरात किती लांब जायचे हे ठरवताना किलोमीटरचा आकडा नंतर पाहावा. आधी वाटेत किती खाड्या, किती नद्या आणि किती व्हाळ, म्हणजे ओढे, उतरून पुन्हा चढायचे आहेत ते मोजावे. घाटावर साठ किलोमीटर सहज करणारा सायकलस्वार किनाऱ्यालगतच्या चाळीस किलोमीटरमध्ये थकून जातो. याचे कारण त्याच्या दमात कमी आणि जमिनीच्या रचनेत अधिक आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी सपाट नाही. जांभ्याचे पसरट सडे (सपाट माथ्याची खडकाळ पठारे), त्यांना कापत समुद्राकडे जाणाऱ्या नद्या आणि मुखाजवळ आत घुसलेल्या खाड्या अशी तिची आखणी आहे. सडा समुद्रसपाटीपासून शे-दीडशे मीटर उंच, खाडीवरचा पूल जवळजवळ पाण्याच्या पातळीला, आणि पलीकडे पुन्हा तेवढाच सडा. अशा चार खाड्या ओलांडल्या की पाचशे-सहाशे मीटरची चढाई होऊन जाते आणि नकाशावर तो रस्ता किनाऱ्याला समांतर, निरुपद्रवी दिसत राहतो.

तरीही ग्रॅव्हल बाईकसाठी याहून चांगला प्रदेश महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, असे माझे मत आहे. एकाच सकाळी अरुंद डांबरी रस्ता, लाल मातीची बागेची वाट, उघडा कातळ, खारभूमीचा (खाडीकाठच्या खारट जमिनीचा) बांध आणि ओली पुळण (वाळूचा किनारा) अशा पाच प्रकारच्या पृष्ठभागांवरून जाता येते. रोड बाईक यातल्या एकाच पृष्ठभागावर सुखाने चालते. माउंटन बाईक पाचही ठिकाणी चालते, पण डांबरावर जड वाटते. रुंद टायर आणि वळणदार हँडल असलेली ग्रॅव्हल बाईक ही या दोहोंमधली सोय आहे.

सायकल कशी असावी

नवी सायकल घेण्याआधी घरातली हायब्रिड किंवा जुनी माउंटन बाईक चालते का ते पाहावे. पहिल्या काही फेऱ्यांसाठी ती पुरेशी असते. नवीन घ्यायचीच असेल तर तीन गोष्टींवर तडजोड करू नये.

पहिली गोष्ट टायरची. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बसेल एवढी जागा फ्रेममध्ये असावी. जांभ्याचा कातळ दुरून गुळगुळीत दिसतो. प्रत्यक्षात तो छिद्राछिद्रांचा आणि धारदार कडांचा असतो, आणि अरुंद टायरमध्ये जास्त हवा भरून त्यावरून गेल्यास मनगटे व खांदे तासाभरात तक्रार करू लागतात. सत्तर किलोच्या आसपास वजन असणाऱ्याने चाळीस मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पस्तीस पीएसआयच्या जवळपास हवा ठेवून सुरुवात करावी आणि रिमला दणका बसत नाही ना, हे पाहत एकेक-दोन पीएसआयने कमीजास्त करावे. ट्यूब असल्यास थोडी जास्त हवा लागते. सड्यावर करवंदीच्या जाळ्या आणि बोरीचे काटे मुबलक असल्याने ट्यूबलेसचा खर्च येथे वसूल होतो. मात्र दमट उष्म्यात आतले सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) लवकर सुकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी ते तपासून भर घालावी.

दुसरी गोष्ट गिअरची. खाडीतून वर येणाऱ्या घाट्या लांबीने लहान, पण चढाने उग्र असतात. दहा-बारा टक्क्यांचा चढ आणि त्यावर सुटी खडी असेल तर उभे राहून पेडल मारता येत नाही, कारण मागचे चाक जागीच फिरते. बसूनच चढावे लागते, आणि त्यासाठी सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या चक्रीचे दाते मागच्या चक्रीपेक्षा कमी किंवा फार तर समान असावेत. पुढे चाळीस दाते असतील तर मागे बेचाळीस असणे सोयीचे. दुकानदार रोड बाईकचे गिअर लावलेली ‘ग्रॅव्हल’ सायकल पुढे करू लागला, तर घेण्यापूर्वी दाते मोजून घ्यावेत.

तिसरी गोष्ट डिस्क ब्रेक. यावर फार लिहिण्याची गरज नाही. एकदा सड्यावरून खाडीपर्यंत उतरल्यावर त्यांची किंमत आपोआप कळते.

सोबत दोन ट्यूब, टायर काढण्याचे लिव्हर, पंप, ट्यूबलेसचे प्लग, मल्टिटूल, साखळीची क्विक लिंक, ब्रेक पॅडचा एक जोड आणि आपल्याच मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) ठेवावा. हँगर ही किरकोळ दिसणारी वस्तू आहे, पण दगडावर सायकल आडवी झाली की तोच वाकतो, आणि तो तालुक्याच्या गावीही मिळत नाही. वाडीवस्तीतला पंक्चरवाला मोटरसायकलची ट्यूब उत्तम जोडतो. तुमच्या ट्यूबचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व मात्र त्याच्या हवेच्या पाइपला बसत नाही. त्यासाठी पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात असावा.

केव्हा जावे, कोणत्या दिशेने जावे

नवोदितांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ धरावा. पावसाळ्यात सडा पाहण्यासारखा असतो यात शंका नाही, पण ओल्या कातळावर शेवाळाचा जो पातळ थर धरतो त्यावर कोणताही टायर टिकत नाही, व्हाळ साकवावरून (लहान पुलावरून) वाहतात आणि खराब हवेत फेरीबोटी बंद राहतात. ऑक्टोबरमध्ये गवत कंबरेएवढे असते आणि पायवाटा त्यात बुडालेल्या असतात. मार्चपासून उकाडा वाढतो. शिवाय आंब्याचा हंगाम सुरू झाल्याने बागांच्या कच्च्या वाटांवर पिकअप गाड्यांची ये-जा असते आणि राखणदारही अनोळखी माणसाकडे, साहजिकच, संशयाने पाहतात. शिमग्याच्या दिवसांत जायचे झाल्यास पालखी रस्त्यात भेटेल हे गृहीत धरावे, सायकलवरून उतरून बाजूला उभे राहावे, आणि पोरांनी दोरी आडवी धरून पोस्त (शिमग्याची वर्गणी) मागितल्यास देण्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत.

वाऱ्याचा हिशेब फार थोडे लोक करतात, पण तो करावा. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा हलकेच वाहतो. दुपार होऊ लागली की दिशा बदलते आणि वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. उघड्या सड्यावर हा वारा समोरून आला तर सपाटीलाही चढ चढल्यासारखे वाटते. म्हणून अनेक दिवसांची किनारी सफर उत्तरेकडून दक्षिणेकडे आखावी. एका दिवसात जाऊन परत यायचे असेल तर सकाळी उत्तरेकडे जावे आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन दक्षिणेकडे परतावे. ते शक्य नसेल तर परतीचा टप्पा वारा सुटण्याआधीच, म्हणजे अकराच्या आत उरकावा. डिसेंबर-जानेवारीत उजाडायला सात वाजतात, त्यामुळे साडेसहाला दिवे लावून निघणे आणि ऊन चढण्यापूर्वी सडा ओलांडणे हे वेळापत्रक सोयीचे पडते. सड्यावर झाड नसते आणि दुपारी काळा कातळ खालून तापतो.

नकाशा घरी बसून वाचावा

कोकणातल्या कच्च्या वाटा नकाशांवर अर्ध्यामुर्ध्या नोंदलेल्या असतात. त्यामुळे उपग्रहचित्र उघडून ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. नोव्हेंबरनंतरच्या चित्रात वाळलेले गवत पिवळे, उघडा कातळ करडा-काळा आणि मातीच्या वाटा लालसर रेघांसारख्या दिसतात. सड्यावर सरळ कडांचे चौकोनी खड्डे दिसले तर त्या चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाच्या जांभा दगडाच्या, खाणी आहेत. खाणीपर्यंत जाणारी वाट रुंद असते, पण ट्रकांमुळे तिच्यावर लाल पिठाचा घोट्याएवढा थर साचलेला असतो आणि ती बहुधा खाणीपाशीच संपते.

खाडीच्या काठाला येऊन थांबणारा रस्ता आणि समोरच्या काठावर सुरू होणारा दुसरा रस्ता दिसला तर तेथे पूल आहे असे मानू नये. ती पूर्वीच्या तरीची (होडीने पार होण्याची) जागा असू शकते, आणि आज तेथे होडी मिळेलच असे नाही. मोठ्या खाड्यांवर वाहने नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या चार फेऱ्या सायकलस्वाराच्या विशेष उपयोगाच्या आहेत, कारण त्यांच्यामुळे खाडीला वळसा घालून महामार्गापर्यंत जाण्याची वेळ येत नाही. शेवटची फेरी कधी सुटते हे त्या दिवशी धक्क्यावर फोन करून किंवा आदल्या मुक्कामी विचारून घ्यावे. सागरी महामार्गावर काही खाड्यांवर नवे पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे, त्यामुळे जुने प्रवासवर्णन वाचून निघण्यापेक्षा ताजी चौकशी बरी. मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, हा मात्र केवळ ओलांडण्यापुरता वापरावा.

आखलेला मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्यावा. सड्यावर नेटवर्क मिळते, पण खाडीच्या खोबणीत उतरताच ते जाते आणि नेमका तेथेच वाटेला फाटा फुटलेला असतो.

पहिला मार्ग: रत्नागिरी, पावस, गणेशगुळे

सुरुवातीला रत्नागिरीच्या दक्षिणेचा हा मार्ग मी सुचवीन. जाणेयेणे पन्नास किलोमीटरच्या आत बसते, वाटेत गावे आहेत आणि सडा, खाडी व पुळण या तिन्हींची ओळख एकाच दिवशी होते. वाऱ्याचा वरचा नियम येथे उलटा पडतो, म्हणून पहाटे लवकर निघणे या मार्गावर विशेष गरजेचे आहे.

शहरातून खाली उतरून काजळी नदीच्या मुखावरचा भाट्ये पूल ओलांडावा. पुलावर डावीकडे खाडी आणि उजवीकडे समुद्र असतो, आणि सकाळी मच्छीमारांच्या नौका येताना दिसतात. पूल संपल्यावर सुरूच्या बनाशेजारून थोडे अंतर सपाट आहे. पाय मोकळे करण्यासाठी तेवढे पुरते. त्यानंतर फणसोप-गोळपच्या दिशेने चढ लागतो. नवोदिताने आपले गिअर येथेच तपासावेत. चढाच्या मध्यावर, भार पडलेला असताना, गिअर हलका करण्याचा प्रयत्न केला तर साखळी करकरते आणि कधी उतरते. उतार संपण्याआधीच, पेडल मोकळे असताना, हलका गिअर टाकून ठेवावा. खाडीकडे उतरणाऱ्या प्रत्येक रस्त्याला हाच नियम लागू आहे, कारण पूल आणि चढ यांच्यामध्ये विचार करायला जागा नसते.

गोळपच्या सड्यावर पोहोचल्यावर मुख्य रस्ता सोडून लहान मातीच्या वाटांचा अनुभव घेता येतो. मात्र जी वाट दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जाते ती पाणंद सार्वजनिक असते आणि जी गडग्यातल्या बेड्यातून (फाटकातून) आत जाते ती बागेची असते, हा फरक ध्यानात ठेवावा. उघड्या कातळावर पहिल्यांदा सायकल घालताना वेग कमी ठेवावा, हात सैल सोडावेत आणि नजर चाकापुढे न ठेवता आठ-दहा मीटर लांब ठेवावी. कोरड्या कातळावर टायरची पकड उत्तम असते. घात होतो तो कातळ संपून माती सुरू होते त्या कडेला, कारण तेथे जांभ्याची बारीक खडी छर्ऱ्यांसारखी पसरलेली असते आणि वळतानाच नेमका पुढचा ब्रेक दाबला जातो. ब्रेक सरळ रेषेत असताना लावावा आणि वळणापूर्वी सोडावा. सड्याच्या एखाद्या रिकाम्या तुकड्यावर हे पाच-सात वेळा करून पाहिले तर पुढच्या सगळ्या उतारांचे भय कमी होते.

पावस हे स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे ओळखीचे गाव असून तेथे चहा-नाश्ता मिळतो. तेथून गणेशगुळ्याकडे वळावे. गणपतीचे मंदिर वर सड्याच्या कडेला आहे आणि जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी खाली वाडीकडे उतरते. पाखाडीवरून सायकल चालवण्याचा मोह आवरावा. तिच्या पायऱ्या माणसाच्या आणि गुराच्या पावलासाठी आहेत, कडेला घरांची अंगणे आहेत, आणि वळणावर समोरून डोक्यावर भारा घेतलेली एखादी आजी आली तर तिला बाजूला व्हायला जागा नसते. खाली पुळणीवर जाण्यासाठी डांबरी रस्ता आहे, त्याने उतरावे. तो उतार तीव्र आहे आणि परत येताना तोच चढायचा आहे, हे उतरतानाच मनाशी नोंदवावे.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हाच मार्ग पूर्णगडपर्यंत वाढवावा, मुचकुंदी नदीच्या खाडीवरील पूल ओलांडून गावखडीच्या सुरूच्या बनात जावे आणि जमल्यास पुढे कशेळीपर्यंत मजल मारावी. कनकादित्याचे मंदिर असलेले कशेळी रत्नागिरीपासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे, म्हणून तेथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतणे शहाणपणाचे. कशेळीच्या सड्यावर हत्तीचे प्रचंड कातळशिल्प आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील अशी नऊ स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत गेली असून उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी ही त्यांतली आणखी काही. ही चित्रे आपण ज्यावर चाके फिरवतो त्या कातळातच, काही ठिकाणी बोटभर खोलीची, कोरलेली आहेत आणि तिरप्या उन्हाशिवाय पटकन दिसतही नाहीत. म्हणून अशा स्थळाच्या आसपास सायकल हातात धरून चालावे आणि रेघांवर पाय वा चाक ठेवू नये.

पुढचे टप्पे

दापोली तालुक्यातील हर्णै, आंजर्ले, आडे, केळशी हा किनारी रस्ता पहिल्या मार्गाच्या जोडीने करण्यासारखा आहे. पाजपंढरीच्या कोळीवाड्यातून जाताना रस्त्यावर जाळी आणि मासळी वाळत घातलेली असते. तेथे उतरून चालत जावे. आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीपर्यंतची चढण ऐच्छिक आहे, पण वरून जोग नदीची खाडी, सुवर्णदुर्ग आणि माडांच्या बागा एका नजरेत येतात, त्यामुळे ती टाळू नये असे मी म्हणेन. केळशीची वाळूची टेकडी पाहण्यासारखी आहे. तिच्यावर सायकल चालवणे मात्र शक्यही नाही आणि योग्यही नाही.

सलग तीन दिवस सायकल चालवण्याची तयारी झाल्यावर मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरावे. ही सेवा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून घाटरस्ता आणि महामार्ग पूर्णपणे टाळून कोकणात शिरता येते. पहिल्या दिवशी अलिबाग, रेवदंडा आणि काशीदमार्गे मुरूड गाठावे. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून बोटीने दिघीला उतरावे आणि दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावीच्या रस्त्याने श्रीवर्धनला मुक्कामाला जावे. समुद्राला इतका चिकटून जाणारा दुसरा रस्ता किनाऱ्यावर क्वचितच आढळतो. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडल्याची बोट, वेसवी, बाणकोट आणि वेळास असा क्रम ठेवावा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जात असल्याने वारा सोबतीला राहतो.

दक्षिणेत देवगडहून तारामुंबरी–मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर आणि तेथून मिठबाव, मुणगे, आचरा करत मालवण हा मार्गही सुंदर आहे. खाड्या मात्र मोजून घ्याव्यात.

पुळण आणि खारभूमी

पुळणीवर सायकल चालवायची तर भरती-ओहोटीचे गणित यायलाच हवे. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी व त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास येते. पक्ष कोणताही असला तरी हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास असते, शिवाय तेव्हा उधाण असल्याने पाणी दूरवर ओसरते. याचा अर्थ सायकलस्वारासाठी पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी सर्वोत्तम. अष्टमीच्या भांगात, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीत, पाणी फारसे मागे जात नाही आणि ओहोटीही भरदुपारी येते. नेमकी वेळ छापील वा ऑनलाइन भरतीच्या तक्त्यावरून पडताळून घ्यावी.

चाक नेहमी पाण्याने नुकत्याच सोडलेल्या ओल्या, कठीण पट्ट्यावरच ठेवावे. वरची कोरडी वाळू सायकलला झेपत नाही, आणि दुसरे म्हणजे नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे भरतीच्या रेषेवरच्या त्याच भुसभुशीत वाळूत अंडी घालतात. व्हाळ समुद्राला मिळतो त्या जागी वाळू वरून घट्ट आणि आतून पोकळ असते. तेथे उतरून सायकल उचलून न्यावी.

खारभूमीचे बांध हा पुळणीपेक्षाही शांत प्रकार आहे. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला शेत आणि मधे हातभर ते गाडीभर रुंदीची सपाट वाट. उघाडीपाशी (पाणी सोडण्याच्या दारापाशी) बांध अरुंद होतो व लाकडी फळ्या निसरड्या असतात, एवढे सांभाळले की पुरे.

गावात वावरताना

रस्ता विचारल्यास कोकणी माणूस सांगतोच, आणि सिंधुदुर्गात तर तुम्ही विचारण्याआधी ‘खंय जातास?’ असा प्रश्न येतो. त्याला नीट उत्तर द्यावे. काका, मावशी, दादा, वहिनी असे संबोधून दोन वाक्ये बोलली की पुढच्या फाट्याची, बंद पडलेल्या साकवाची आणि मोकाट कुत्र्याची माहिती आपसूक मिळते. ‘पुढे जरा घाटी आहे’ एवढेच कोणी म्हणाले, तर पाणी भरून घ्यावे.

वाडीतली दुकाने दुपारी एक ते चार बहुधा बंद असतात. सकाळी उसळ-पाव, पोहे किंवा घावणे पोटभर खाऊन निघावे. दुपारचे जेवण हवे असेल तर खानावळीत सकाळीच फोन करून सांगावे. आयत्या वेळी गेल्यास मासे संपलेले असतात आणि चूलही विझलेली असते. माणशी दोन-तीन लिटर पाणी हे किमान धरावे आणि घामातून जाणाऱ्या क्षारांसाठी मीठ घातलेले कोकम सरबत, जेथे मिळेल तेथे, प्यावे. देवराईत सायकल नेऊ नये. बागेचे बेडे उघडले तर जसे होते तसे लावावे, नाहीतर गुरे आत शिरतात आणि त्याचा दोष पुढे येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला लागतो.

धोके

सड्यावरचा सर्वांत गंभीर धोका चिऱ्याच्या खाणीचा आहे. तिला कठडा नसतो, कडा उभी कापलेली असते आणि गवतामुळे ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. संध्याकाळी अनोळखी सड्यावर वाटेबाहेर सायकल घालू नये, हा नियम निरपवाद पाळावा.

फुरसे हा लहान, मातकट रंगाचा विषारी साप जांभ्याच्या सड्यावर मोठ्या प्रमाणात आढळतो. दगडांच्या सांदीत हात घालू नये, गडग्यावर बसण्यापूर्वी दगड पाहून घ्यावा आणि गवतात सायकल आडवी टाकून शेजारी लोळू नये. दंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, आवळपट्टी बांधणे असले काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवून थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे. भारतात मिळणारी बहुगुणी प्रतिसर्पविष लस फुरशावरही चालते. विंचवाच्या बाबतीतही हीच खबरदारी घ्यावी. त्याच्या दंशावरचा प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी याच भूमीत रूढ केला आणि त्यामुळे पूर्वी जीव घेणारा दंश आज वेळेत पोहोचल्यास आटोक्यात येतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य मदतीसाठी ११२ हे क्रमांक ध्यानात ठेवावेत. नेटवर्क नसेल तर सड्याच्या उंच भागावर जाऊन लावावेत.

अरुंद डांबरी रस्त्यावर वळणावरून एसटी आली तर ती तुमच्यासाठी थांबू शकत नाही. वळणाआधी घंटी वाजवावी, डावीकडे राहावे, आणि गरज पडल्यास डांबराची कड सोडून खाली उतरावे. ही कड काही ठिकाणी वीतभर उंच असते, त्यामुळे चालत्या वेगात पुन्हा वर चढण्याचा प्रयत्न केल्यास पुढचे चाक घसरते. थांबून सायकल उचलून घ्यावी.

पोहोचणे आणि परतल्यानंतर

कोकण रेल्वेने सायकल पार्सल म्हणून नेता येते, पण सर्व स्थानकांवर पार्सलची सोय नसते आणि लहान स्थानकांवर गाडी फार थोडा वेळ थांबते. त्यामुळे चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा मोठ्या स्थानकापर्यंतच नोंदणी करावी आणि ती करण्यापूर्वी पार्सल कार्यालयात चौकशी करावी. पेडल काढून, हँडल वळवून आणि डिरेलरभोवती पुठ्ठा बांधून सायकल द्यावी. खासगी बसच्या डिकीतून नेताना डिरेलरची बाजू वर ठेवावी.

सफर संपल्यावर, त्याच संध्याकाळी, सायकल गोड्या पाण्याने धुवावी. खारा वारा लागलेली साखळी रात्रभरात तांबूस होते आणि पुळणीवरची वाळू राहिली तर ती चक्र्या व साखळी झिजवत राहते. जोरदार पाइपचा झोत बेअरिंगवर न मारता बादली आणि फडक्याने काम करावे, साखळी कोरडी करून तेल घालावे, डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नये, बाटल्यांच्या पिंजऱ्याचे व सीटखालचे बोल्ट सोडवून त्यांना थोडे ग्रीस लावावे आणि ब्रेक पॅडची जाडी पाहून ठेवावी. लाल धूळ आणि लांब उतार यांमुळे पॅड अपेक्षेपेक्षा लवकर संपतात, आणि पुढच्या सड्यावरून खाली उतरताना ते कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.